आरशातला कंदीलवाला

आपलंच तोंड माणूस किती वेळ बघणार, हे आबांना सलून उघडल्यावर फार लवकर कळलं होतं. म्हणून त्यांनी दुकानात टीव्ही घेतला तेव्हा तो खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर, वाट बघणाऱ्यांच्या बाकाच्या बरोबर वर फळी ठोकून ठेवला. गिऱ्हाईक समोरच्या लांबलचक आरशात बघायचं, आरशात टीव्ही दिसायचा, मान हलायची नाही आणि आबांची कात्री निर्धास्त चालायची. बाकावर बसणाऱ्यांच्या तर टीव्ही डोक्यावरच, त्यामुळे त्यांनाही आरशाशिवाय गत नव्हती. आरशाला पाठ लावून उभं राहिलं असतं तर टीव्ही सरळ दिसला असता. पण तिथे वस्तरे, कात्र्या आणि आबा असायचे, आणि या तिघांच्याही वाटेला पोरांनी जायचं नाही असा दुकानाचा कायदा होता.

आबा गेले, फळी गेली, खोक्याएवढा टीव्ही जाऊन पातळ टीव्ही आला. पण आला तो त्याच भिंतीवर. आबांची मुलगी आता पन्नाशीला टेकली होती आणि सलून तीच चालवायची. गल्लीतली शेंबडी पोरं आणि दात पडलेले म्हातारे, सगळे तिला ताईच म्हणत. बाईच्या हाती वस्तरा बघून नवं गिऱ्हाईक दारातच घुटमळायचं खरं, पण एकदा दाढी झाली की तोच माणूस पुढच्या वेळी मेहुण्याला घेऊन यायचा.

ताई पाच-सहा वर्षांची असताना त्या टीव्हीवर आठवड्यातून एकदा ‘कंदीलवाला’ लागायचा. लांब कोट, डोळ्यांवर काळी पट्टी आणि हातात पेटता कंदील. त्याच्याकडे ना तलवार, ना बंदूक. जिथे दिवे गेले आणि कुणी कुणाला लुबाडायला निघालं, तिथे हा बाबा हजर. कंदील गोल फिरवून खांद्यापर्यंत वर न्यायचा, एकदा मागे वळून बघायचं, मोकळ्या हाताने मांडीवर थाप मारायची आणि उडी. समोर उतरला की कंदील चोराच्या तोंडाजवळ धरायचा. बस, एवढंच. उजेडात आपलं तोंड दिसलं की चोर ओशाळायचा आणि पळायचा. त्या दिवशी सलूनमध्ये केस कापायचे नसलेली माणसंही केस कापायला यायची, आणि बाकावर पोरं इतकी दाटीने बसायची की शेवटचं पोर अर्ध्या बुडावर तोललेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कोट म्हणून बापाचा सदरा आणि कंदील म्हणून जे हाती येईल ते. ताईचा कंदील म्हणजे आबांची पाणी फवारायची बाटली. डाव्या हातात बाटली गोल फिरवायची, मागे बघायचं, मांडीवर थाप आणि बाकावरून उडी. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे गुडघे त्या काळात फुटलेलेच असत. मागच्या गल्लीत काही घरांत स्वतःचे टीव्ही होते आणि तिथली पोरं कंदील उजव्या हातात धरायची. त्यावरून शाळेच्या मैदानात मारामाऱ्या झाल्या. एवढे घरी टीव्ही असून त्यांना साधा हात कळत नाही, याचं ताईच्या गल्लीला फार हसू यायचं.

तुमच्या लक्षात आलंच असेल काय घोटाळा होता तो. ताईच्या मात्र इतकी वर्षं लक्षात आला नाही, आणि तिच्या एकटीच्याच नाही, गल्लीत कुणाच्याच आला नाही.

ताईला एकच मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी, आणि कॉलेज संपून नोकरीला लागली तरी ते काही सुटलं नाही. भिंगरीचा जन्म होईतो कंदीलवाला कधीच बंद पडला होता. त्याचे भाग कुठे बघायला मिळत नव्हते. पण दुकानात गिऱ्हाईक नसलं आणि पोर कंटाळून रडायला लागली की ताई कात्री उजव्या हातात तशीच ठेवून डाव्या हाताने फवाऱ्याची बाटली उचलायची आणि कंदीलवाल्याची गोष्ट सुरू व्हायची. गोष्टीला उडी लागायचीच. त्यामुळे भिंगरीच्या दृष्टीने कंदीलवाला म्हणजे तिची आई होती: अंगात पांढरा अॅप्रन, खिशात कंगवा, आणि उडी मारून उतरल्यावर “आई गं, गुडघा” म्हणणारा.

ही भिंगरी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत अॅनिमेटर झाली. म्हणजे गेममधली माणसं चालतात कशी, पळतात कशी, उडी मारतात कशी, ते ठरवायचं आणि त्यांना तसं चालवायचं. ताईला सुरुवातीला ते काम पटेना.

“म्हणजे पगार घेऊन चित्रं हलवायची?”

“तू पगार घेऊन केस कापतेस ना? तसंच.”

तीन वर्षं खपून भिंगरीने एक नायक तयार केला. त्याचं नाव काजवा. हा एवढासा पोरगा, अंगापेक्षा मोठा कोट घातलेला, अंधारात बुडालेल्या शहरात खोलीखोलीत जाऊन उजेड करत फिरायचा. त्याच्या डाव्या हातात कंदील. कंदील गोल फिरवून खांद्यापर्यंत, मागे एक नजर, मांडीवर थाप आणि उडी. त्यासाठी भिंगरीने आईला बाकावरून उड्या मारायला लावून मोबाइलवर टिपून घेतलं होतं, आणि त्यानंतर आठवडाभर ताई जिना एकेक पायरी करत चढत होती. पण काजवा पडद्यावर पहिल्यांदा हलला तेव्हा ताईला आकाश ठेंगणं झालं. येईल त्या गिऱ्हाइकाला, त्याच्या तोंडाला फेस लावून तो गप्प झाला की, ती सांगायची, “आमच्या भिंगरीचा काजवा म्हणजे कंदीलवाल्याचा नातू.”

“आमच्या ऑफिसात सगळ्यांचं असंच आहे,” भिंगरी एकदा म्हणाली होती. “एकाचा पोलीस चालतो तो त्याच्या लहानपणीच्या मालिकेतल्या इन्स्पेक्टरसारखा, पोट पुढे टाकून. एकीची जादूगारीण बघ, लहानपणी ती टीव्हीवरच्या कुठल्या तरी बाईला घाबरून पलंगाखाली लपायची, तीच ती. आम्ही नवीन नवीन म्हणतो, पण प्रत्येकाच्या डोक्यात त्याच्या लहानपणीचा टीव्ही चालूच असतो.”

तर अशी सगळी मजा चाललेली असताना एका दुपारी भिंगरी ऑफिसातून लवकर आली. दुकानात मधल्या खुर्चीवर शिंपीदादा बसले होते. हे ताईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, समोरच कपडे शिवायचे, आणि लहानपणी त्याच बाकावर अर्ध्या बुडावर बसलेले. त्यांचे एका बाजूचे केस कापून झाले होते, दुसऱ्या बाजूचे व्हायचे होते. भिंगरीचा चेहरा पडलेला.

“आई, काजवा गेला,” ती म्हणाली आणि बाकावर बसली.

“कुठे गेला?”

“कामावरून. त्याला काढायचं ठरलंय.”

मग कळलं ते असं. कंपनीच्या साहेबांना वाटलं, काजवा कंदीलवाल्यावरून सुचलाय हे लपवण्यात अर्थ नाही, उलट त्या मूळ माणसाची परवानगीच घेऊ आणि गेममध्ये त्याचा आवाजही घेऊ. कंदीलवाला लिहिणारा, बसवणारा आणि करणारा माणूस एकच होता. तो आता खूप म्हातारा झाला होता आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. सकाळी भिंगरी त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन गेली. त्याने काजव्याची एक उडी पाहिली आणि लॅपटॉप मिटला.

“म्हणाले, हे ज्याने केलंय त्याने माझा एकही भाग पाहिलेला नाही. ऐकीव माहितीवर केलंय. कंदीलवाला डावखुरा? उद्या त्याला शेपूट लावाल.”

“डावखुराच होता तो,” ताई म्हणाली.

“होताच,” शिंपीदादा म्हणाले.

“मी तेच सांगितलं त्यांना. म्हटलं, माझ्या आईने सगळे भाग पाहिलेत, तुम्ही डावखुरेच होता, तुम्ही विसरलात.”

“मग?”

“मग त्यांनी मला दार दाखवलं.”

ताईने कात्री खाली ठेवली. भिंगरीने पुढचं एका दमात सांगून टाकलं. साहेब म्हणाले, मूळ माणूस नको म्हणत असताना त्याच्यासारखा नायक आपण बाजारात आणायचा नाही. या आठवड्यात त्याचा होकार मिळाला तर ठीक, नाहीतर काजव्याच्या जागी चिलखतवाला घाला. हा चिलखतवाला दुसऱ्या एका अर्धवट सोडलेल्या गेमसाठी केलेला होता. कपाटाएवढे खांदे, हातात तलवार आणि तोंडावर कायम पोट बिघडल्यासारखा भाव.

“म्हाताऱ्याला वयामुळे आठवत नसेल,” ताई म्हणाली. “एखादा भाग सापडला तर त्याच्याच तोंडासमोर धर.”

“एक मिळालाय. टीव्हीवाल्यांच्या जुन्या साठ्यातून साहेबांनी आजच आणवला. मी अजून बघितला नाही.”

तिने लॅपटॉप आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या बरणीशेजारी ठेवला. तिघं समोर झाली. संगीत सुरू झालं आणि ताईच्या अंगावर काटा आला. मग कोट आला, पट्टी आली, कंदील आला. ताई पुढे झुकली.

“हे कुणीतरी उलटं लावलंय,” ती म्हणाली.

“उलटं कसं असेल? नावं सरळ वाचता येतायत की.”

“नावं सरळ आहेत, माणूस उलटा आहे. त्याचा भांगही चुकीच्या बाजूला आहे. भांग मला कुणी शिकवू नये.”

पडद्यावर कंदीलवाल्याने उजव्या हातातला कंदील गोल फिरवला, मागे बघितलं आणि डाव्या हाताने मांडीवर थाप मारून उडी घेतली. शिंपीदादांनी हळूच मान वळवून मागच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. मग समोर आरशात बघितलं. मग पुन्हा टीव्हीकडे. आणि कपाळाला हात लावला.

“ताई,” ते म्हणाले, “आपण गाढव आहोत.”

“काय झालं?”

“आपण सगळं आरशात बघितलं गं. आयुष्यभर.”

ताई उभीच राहिली. तिने आरशात बघितलं. तिथे टीव्हीवर कुणीतरी बातम्या देत होतं आणि खाली सगळी अक्षरं उलटी पळत होती. ती अक्षरं उलटी असतात हे तिला रोज माहीत होतं. अक्षर उलटं झालं की लगेच कळतं, माणूस उलटा झाला तर काही कळत नाही.

“तुम्ही तर तेव्हा वाचायला लागला होता,” ती शिंपीदादांना म्हणाली.

“लागलो होतो ना. नावं उलटी आहेत हे मला माहीत होतं. पण नावांचा आणि हाताचा काही संबंध असेल असं कुठे वाटलं? आणि त्या मागच्या गल्लीतल्या पोराचा मी दात पाडला होता गं. तो बरोबर होता.”

आधी भिंगरी हसली. मग ताई. मग शिंपीदादा अर्ध्या कापलेल्या केसांनी खुर्चीत असे गदगदायला लागले की खुर्चीच फिरली. एक गिऱ्हाईक दारातून आत डोकावलं आणि तिघांना बघून परत गेलं. हसून हसून ताईचं पोट दुखायला लागलं, डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्यातच तिला एकदम वाईट वाटलं. आपल्या पायी पोरीची तीन वर्षं गेली. आपण छातीठोकपणे सांगितलं, तिने छातीठोकपणे करून दाखवलं आणि त्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात जाऊन “तुम्ही विसरलात” म्हणाली.

“आता उजवा कर त्याला,” ताई म्हणाली. “होतं ना तसं?”

“होतं. एक बटण दाबलं की होतं.” भिंगरीने दाबलं. पडद्यावर काजवा उजव्या हातात कंदील घेऊन चालायला लागला. दोघी बराच वेळ बघत राहिल्या. सगळं तेच होतं, तोच कोट, तीच उडी.

“कोण आहे हा?” ताईने विचारलं.

“मलाही ओळखू येत नाहीये. काजव्याचे कपडे घालून दुसरंच कोणी आल्यासारखं वाटतंय. आणि त्यांना कुठे हाताचं दुःख आहे, आई? त्यांना वाटतंय आपण न बघताच थापा मारल्या.”

ताईने तोंड पुसलं. “मला त्यांचा नंबर दे,” ती म्हणाली.

फोन लागला तेव्हा शिंपीदादा खुर्चीवर तसेच बसून होते. उरलेले केस कापून घ्यायची त्यांना घाई नव्हती. ताईने आपण सकाळच्या मुलीची आई असल्याचं सांगितलं.

“ते डावखुऱ्यावाले का?” पलीकडचा आवाज म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता, पण होता तोच. ताईने फोन दोन्ही हातांनी धरला.

“हो. चूक आमचीच आहे. पण मी तुमचा प्रत्येक भाग पाहिलाय.”

“असं? मग सांगा, कंदील विझला तो कुठल्या भागात?”

“विहिरीच्या. तुम्ही आत उतरलात आणि वरून कुणीतरी पाणी ओतलं. आणि त्यात कंदिलाची काच तडकली ती पुढे कितीतरी भाग तुम्ही बदललीच नाही. माझा जीव वरखाली व्हायचा, आता फुटते का मग फुटते.”

पलीकडचा आवाज जरा मऊ झाला. “दुसरी काच मिळत नव्हती,” तो म्हणाला. “मग एवढं पाहिलंत तर हात कसा चुकला?”

“ते सांगून पटणार नाही. तुम्ही रविवारी आमच्या सलूनमध्ये या. बघा आणि मग काय ते ठरवा. केसही कापून देते.”

“मला केस नाहीत.”

“दाढी असेल की.”

रविवारी तो आला. टॅक्सीतून उतरला, काठी टेकत दारात उभा राहिला आणि टोपी काढली. खरंच केस नव्हते. पांढरी दाढी मात्र भरघोस होती. बाकावर शिंपीदादा आणि त्यांची नात बसले होते. नात पाच वर्षांची, तिच्या डोळ्यांवर बटा आल्या होत्या आणि तिला केस कापायचे नव्हते, म्हणून ती हाताची घडी घालून होती. भिंगरी टीव्हीशेजारी स्टुलावर उभी राहून वायर जोडत होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे कडक नजरेने बघितलं. ती स्टुलावरून पडता पडता वाचली.

“काय दाखवणार होता?”

“बसा आधी,” ताई म्हणाली. आयुष्यात ज्याच्यासाठी तिने गुडघे फोडून घेतले तो माणूस तिच्या मधल्या खुर्चीत बसला होता, आणि तिला त्याच्या गळ्याभोवतीच्या कापडाची गाठ मारता येत नव्हती. तिसऱ्यांदा जमली. मग तिने ब्रशने फेस केला आणि त्याच्या गालाला लावायला घेतला. हात कामाला लागले तशी ती थोडी सावरली. “ही तुमची दाढी काढायची की नुसती नीट करायची?”

“काढून टाका. उकडतं.”

“मग मान हलवायची नाही. समोर बघत राहा.” तिने मागे खूण केली आणि भिंगरीने तो भाग सुरू केला.

ताईने वस्तरा लावला. डावा गाल झाला. उजव्या गालाकडे ती वळली आणि थांबली, कारण हाताखालचा जबडा हलायला लागला होता. म्हातारा आरशात बघत होता. त्याच्या डोक्याच्या वर, आरशात, लांब कोटातला तरुण माणूस डाव्या हाताने कंदील फिरवत होता.

“पुन्हा लाव,” तो म्हणाला.

भिंगरीने पुन्हा लावलं.

“असं बघितलंत तुम्ही?”

“आम्ही सगळ्यांनी,” ताई म्हणाली. “ही खुर्ची आणि तो बाक. दुसरीकडून बघायची सोयच नव्हती.”

ताईला वाटलं, संपलं, आता चिडेल. अर्ध्या तोंडाला फेस असलेला माणूस चिडला आहे की नाही हे तसंही नीट कळत नाही. मग कापडाखालून त्याचा हात बाहेर आला आणि त्याने आरशाकडे बोट केलं.

“हा,” तो म्हणाला. “हाच तो.”

“कोण?”

“मला कुणी काम देत नव्हतं तेव्हाची गोष्ट. भाड्याची खोली होती आणि खोलीत एक आरशाचं कपाट. वर्षभर मी रोज त्याच्यापुढे कंदील घेऊन उड्या मारायचो. खालचे लोक छत पडेल म्हणून ओरडायचे. पण आरशातला तो माणूस काय दिसायचा, बाई. मी माझ्यावर नाही, त्याच्यावर खूश होतो.” तो थांबला. ताईने गालावर ओघळणारा फेस टिपला. “मग पहिला भाग टीव्हीवर लागला. घर माणसांनी भरलेलं, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि मला वाटतंय, हा तो नव्हे. हा कुणी भलताच आहे. काय चुकलं ते कळेना. कधी वाटे कॅमेरा चुकला, कधी वाटे माझं कामच वाईट आहे. त्यानंतर मी स्वतःचा एकही भाग बघितला नाही. लोक कौतुक करायचे आणि मला वाटायचं, यांनी खरा पाहिलाच नाही.”

शिंपीदादांनी नाक ओढलं.

“आणि तुम्ही इथे बसून तोच बघत होता,” तो म्हणाला. तो हसत होता की रडत होता हे त्याचं त्यालाच कळत नसावं. ताई मात्र सरळ रडत होती, वस्तरा सुरक्षित अंतरावर धरून.

“पोरी,” त्याने हाक मारली. “तुझा तो काजवा लाव.”

भिंगरीने काजवा लावला. म्हाताऱ्याने आरशात बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हा तर उजव्या हाताचा झाला. बदललास?”

“नाही,” भिंगरी म्हणाली. “इथे सगळं उलटं दिसतं ना.”

मग ताईने त्याची खुर्चीच गर्रकन फिरवली. काजवा समोर आला, डाव्या हातात कंदील. पुन्हा फिरवली, उजव्या हातात. म्हाताऱ्याला त्याची इतकी गंमत वाटली की त्याने पोरासारखी अजून दोनदा खुर्ची फिरवून घेतली. शेवटी दम लागला तेव्हा थांबला आणि भिंगरीला जवळ बोलावलं.

“तुझ्या साहेबांना सांग. परवानगी आहे, आवाजही देतो. पण तो डावखुराच ठेवायचा. उजवा केलात तर परवानगी नाही.”

भिंगरीने मान हलवली, मग पुन्हा हलवली, आणि एकदम त्याच्या पायाशी खाली बसून ओंजळीत तोंड लपवलं. त्याने डोळे पुसले आणि त्याच फेसाळलेल्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं, तर फेसाचा पंजा उमटला. ताईचा जीव भांड्यात पडला. तिला ओरडावंसं वाटलं, पण हातात वस्तरा होता, म्हणून तिने उजवा गाल पुरा करायला घेतला.

तो तिला पुरा करता आला नाही. म्हाताऱ्याला काजवा स्वतः चालवून बघायचा होता. भिंगरीने बटणांचा रिमोट त्याच्या हातात दिला, पण खुर्ची वळवायला ताई तयार नव्हती, गाल अर्धा राहिला होता. मग तो आरशात बघतच खेळायला लागला. तो उजवीकडचं बटण दाबायचा आणि आरशातला काजवा डावीकडे पळायचा आणि खड्ड्यात पडायचा. पहिल्याच खड्ड्यात तो किती वेळा पडला ते मोजायला कुणाला सुचलं नाही. शिंपीदादा बाकावरून ओरडून सूचना देत होते, त्याही उलट्या, आणि भिंगरी डोक्यावरचा फेस न पुसता हसत होती.

“मारा आता, थाप मारा,” शिंपीदादा म्हणाले. काजव्याने मागे बघितलं, थाप मारली आणि खड्डा ओलांडला. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले. ताईने वस्तरा वेळेवर मागे घेतला.

त्या गडबडीत शिंपीदादांची नात कधी बाकावर उभी राहिली ते कुणी बघितलं नाही. टीव्ही तिच्या डोक्यावर होता आणि ती समोर आरशात बघत होती, डोळ्यांवरच्या बटा एका हाताने वर धरून. मग तिने शेजारच्या खिडकीतली फवाऱ्याची बाटली उचलली. उजव्या हातात. बाटली गोल फिरवून खांद्यापर्यंत नेली आणि मागे वळून भिंतीकडे एक नजर टाकली.

“अगं, तो कंदील डाव्या—” भिंगरी पुढे सरकली.

ताईने मागून तिचा दंड धरला. “आता काही बोलू नकोस,” ती हळूच म्हणाली. “पडेल ती.”

भिंगरी मागे सरकली. खुर्चीतला म्हातारा खेळायचं सोडून आरशात त्या पोरीकडे बघत होता, आणि तिकडे आरशात काजवा पुन्हा खड्ड्यात पडला. नातीने मांडीवर थाप मारली आणि उडी घेतली. उतरताना तिचा एक पाय घसरला, पण ती उभी राहिली, बाटली तिने आजोबांच्या तोंडाजवळ धरली, आणि मग लगेच परत बाकावर चढली.